आधीच काढून ठेवलेले उत्तर

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या तरुण शिष्याला हाताशी घेऊन तालुक्याच्या गावासाठी एक सर्व्हर बांधत होते. आश्रम, पर्णकुटी, नदीचा शांत काठ असले काही या गोष्टीत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. होती ती पत्र्याची, उन्हाने तापणारी एक कार्यशाळा, दोन लाकडी टेबले आणि घरघर करणारा एक पंखा. गुरू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर दुसऱ्यांची बोलणी तारांमधून पलीकडे पोचवली, पण त्यातले एक अक्षर कधी त्यांच्या तोंडून बाहेर आले नाही. गाव त्यांना गुरुजी म्हणत असे.

शिष्याचे नाव यशोधन. बुद्धीने इतका तल्लख की समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर असतानाच याचे उत्तर तयार असे. कोणी 'मला जरा' एवढेच म्हणावे आणि याने पाण्याचा तांब्या पुढे करावा. बहुतेक वेळा त्या माणसाला पाणीच हवे असे, त्यामुळे यशोधनचे कौतुक होई. कधी त्याला पाणी नको असून दाराची कडी काढून हवी असे. मग यशोधन हसत 'बरं, मी बोललोच नाही असं धरा' म्हणे आणि कडी काढून देई. आईने, शेजाऱ्यांनी, कॉलेजातल्या मास्तरांनी या चपळाईला इतकी वर्षे डोक्यावर घेतले होते की तो एक दोषही असू शकतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

काम मोठे जबाबदारीचे होते. सर्व्हर म्हणजे अनेकांची माहिती सांभाळणारा आणि मागेल त्याला त्याच्या अधिकाराप्रमाणे ती देणारा मोठा संगणक. गावात तीन संस्था होत्या. एक धर्मादाय रुग्णालय, एक सार्वजनिक वाचनालय, आणि तिसरे आधारगृह, म्हणजे घरातला छळ असह्य होऊन बाहेर पडलेल्या बायकांना आसरा देणारी जागा. एका धान्याच्या व्यापाऱ्याने उदार मनाने यंत्र देऊ केले होते, मात्र एकच. त्यामुळे वाचनालयाची कोणालाही पाहता येईल अशी पुस्तकांची सूची, रुग्णांचे रक्तगट आणि आधारगृहातल्या बायकांची नावेगावे, हे सगळे एकाच यंत्राच्या पोटात राहणार होते.

आता या यंत्राला प्रोसेसर कोणता बसवावा, हा प्रश्न आला. प्रोसेसर हा यंत्राचा मेंदू. हल्लीचे हे मेंदू मोठे अधीर असतात. पुढे काय विचारले जाईल याचा अंदाज बांधून ते उत्तर आधीच काढून ठेवतात. अंदाज खरा ठरला की वेळ वाचतो. चुकला की ते उत्तर फेकून देतात आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढचे काम धरतात. पण फेकलेल्या उत्तराचा माग काही क्षण यंत्रात राहतो, आणि त्याच यंत्रावर चालणारा एखादा लबाड प्रोग्राम त्या मागावरून दुसऱ्याची झाकलेली माहिती ओळखू शकतो. हे उघडकीस आल्यावर बनवणाऱ्यांनी त्यावर बंदोबस्त काढले. ते लावले की मेंदूची चाल थोडी मंदावते.

गुरुजींनी दोन प्रोसेसर टेबलावर ठेवले होते. एक जुन्या घडणीचा, चालीने बेताचा, पण ज्याचे गुणदोष वर्षानुवर्षांच्या वापरातून सगळ्यांना ठाऊक झालेले. दुसरा अगदी नवा आणि वेगवान. "दोन्ही पारखून बघ," ते म्हणाले. "कोणता स्थिर राहतो, आणि कोणता पोटातलं पोटात ठेवतो, एवढं मला सांग. वेग मी शेवटी विचारीन."

यशोधनने वेग सगळ्यात आधी पाहिला. नवा प्रोसेसर बसवला, त्याची चाल कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेच्याही वर चढवली, आणि बंदोबस्तांमुळे ती कमी होते असे दिसताच ते एकामागून एक बंद करून टाकले. व्यापारी शेठजी लवकरच यंत्र पाहायला येणार होते. नाव उच्चारायचा अवकाश, माहिती पडद्यावर, असे काही त्यांना दाखवावे आणि सगळ्यांनी तोंडात बोटे घालावीत, अशी याची मनीषा. लबाड प्रोग्रामचे म्हणाल, तर इतका विद्वान चोर या आडगावी कशाला येईल, असे त्याने स्वतःशी ठरवून टाकले होते.

गुरुजी आले आणि यंत्रासमोर बसले. त्यांची पारखण्याची रीत अशी, की एकच लांबलचक गणित यंत्राला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा घालायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. भर दुपारी पत्रा तापला तेव्हा एक उत्तर निराळे आले. यंत्र बंद पडले नाही, कुरकुरले नाही. चुकीचे उत्तर त्याने अगदी आत्मविश्वासाने दिले.

"पंखा कमी पडला असेल," यशोधन लगेच म्हणाला.

"असेल," गुरुजी म्हणाले. "हे एखाद्या रोग्याच्या रक्तगटाचं उत्तर असतं तर?"

"तसं एकदाच झालंय, गुरुजी. आणि रक्त देण्याआधी डॉक्टर..."

तो पुढे बोलत राहिला. यशोधनने बंद केलेले बंदोबस्तही गुरुजींनी पाहिले होते, पण त्यावर ते रागावले नाहीत की त्यांनी ते पुन्हा सुरू केले नाहीत. त्यांनी यंत्राची तार भिंतीतून काढली, गुंडाळून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "उद्यापासून इकडे येऊ नकोस. इंदूताईंच्या कचेरीत जाऊन बस. येणाऱ्या बायांची विचारपूस त्यांच्या जागी तू कर. अट एकच. समोरची व्यक्ती बोलायची थांबली, की मग तोंड उघडायचं."

इंदूताई आधारगृह चालवत. त्यांची कचेरी बाजारपेठेत, शिंप्याच्या दुकानावर होती. आधारगृह नेमके कुठे आहे ते मात्र मोजक्याच लोकांना माहीत. यशोधनला या आज्ञेचा अर्थ लागेना. यंत्र अर्धवट, शेठजी यायचे, आणि आपल्याला नोंदणीच्या टेबलावर कशाला बसवले? ही शिक्षा असावी, असा त्याने तर्क केला, आणि शिक्षा म्हणून का होईना, हेही काम आपण झटक्यात करून दाखवू, असे मनाशी म्हणत तो गेला.

कचेरीत एक खोली, तिच्यात अर्धा पडदा. पडद्याच्या आत टेबल, बाहेर बाकडे. निराधारांच्या पेन्शनचे अर्ज भरून द्यायचे कामही तिथेच चाले, त्यामुळे बाकड्यावर आसपासच्या गावांतली माणसे बसलेली असत. पहिले काही दिवस यशोधनने अट बरी पाळली. वाक्याच्या मध्येच ओठ हलत, पण तो ते दाताखाली धरी. मग हळूहळू तो सैलावला. चार बायांचे पुढचे शब्द त्याने त्यांच्याआधी बोलून दाखवले, आणि त्यांना बोलायचा त्रास वाचला म्हणून त्या हुश्श झाल्यासारख्या दिसल्या. त्याला वाटले, जमले.

एका सकाळी इंदूताई कामासाठी बाहेर गेल्या असताना एक बाई आली. वय तिशीच्या आत-बाहेर. हातात कापडदुकानाची जुनी पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. ती टेबलासमोर बसली आणि बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिली.

"दादा, मी..." ती म्हणाली आणि थांबली. "म्हंजे माझं असं झालंय, की मी घरातनं..."

यशोधनची नजर पिशवीवर गेली. तिच्यावर आंबेतरे गावच्या दुकानाचे नाव होते. यशोधनची थोरली बहीण त्याच गावी दिलेली. पिठाच्या गिरणीवाल्यांची सून घर सोडून गेली आणि ते लोक तिला शोधत फिरताहेत, असे बहीण परवाच फोनवर बोलली होती. त्याच्या डोक्यात सगळे एका क्षणात जुळले, आणि जुळले तसे ते तोंडावाटे बाहेर पडले.

"तुम्ही आंबेतऱ्याच्या. गिरणीवाल्यांची सून ना तुम्ही? तिथून निघून आलात, बरोबर?"

त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. बाईने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. तिचे हात पिशवीवर जिथे होते तिथेच राहिले. आपले काहीतरी चुकले एवढे यशोधनला उमगले, आणि तो सवयीने हसून म्हणाला, "बरं, मी बोललोच नाही असं धरा. तुम्ही सांगा सावकाश."

पण बाई आता त्याच्याकडे पाहत नव्हती. पडद्याच्या खालून बाकड्यावरच्या माणसांचे पाय दिसत होते. त्यातली दोन पावले उठली आणि घाईने जिना उतरू लागली. जिन्यावरून एका प्रौढ बाईचा आवाज आला. ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अहो, हितं हाय बघा, तालुक्याला. शिंप्याच्या वरती."

"मी जरा पाणी पिऊन येते," टेबलासमोरची बाई म्हणाली. पाण्याचा माठ खोलीतच होता. ती मागच्या दाराने गेली, आणि ती परत येणार नाही हे यशोधनला तिची पाठ दिसली तेव्हाच कळले. त्याने उठायला हवे होते, पण त्याला उठवेना.

इंदूताई आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. काय झाले ते त्याने सांगितले. सांगताना पहिल्यांदा त्याला एकेक वाक्य जड गेले. इंदूताईंनी कपाळाला हात लावला नाही की त्याला बोल लावला नाही. "कुठल्या रंगाची साडी होती?" एवढेच त्यांनी विचारले, गुरुजींना फोन केला, आणि जीप काढली. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर यशोधनला बरे वाटले असते. तो जीपमध्ये मागच्या बाजूला गुरुजींच्या शेजारी बसला आणि सारी वाट आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

बाई एसटी स्टँडवर सापडली. उपाहारगृहाच्या मागे, जिथून येणारी प्रत्येक गाडी दिसते पण आपण कोणाला दिसत नाही, अशा कोपऱ्यात ती उभी होती. कुठली गाडी धरायची हे तिने ठरवलेले नव्हते. आंबेतऱ्याकडून येणारी सोडून कुठलीही चालली असती. इंदूताई एकट्याच तिच्याजवळ गेल्या. जीप थोडी अलीकडे उभी होती. त्यांचे बोलणे तुटक तुटक ऐकू येत होते. इंदूताई काही सांगत होत्या असे नाही. बहुतेक वेळ त्या नुसत्या उभ्या होत्या. पुष्कळ वेळाने बाई बोलू लागली. मग इंदूताई म्हणाल्या की आता या गावात ठेवणे धोक्याचे, पण दुसऱ्या जिल्ह्यात आमच्या ओळखीची जागा आहे, मी स्वतः पोचवते.

"येते," बाई म्हणाली. "पर ताई, तो मुलगा तिथं नको. त्यो नसंल तरच येते."

हे मात्र जीपपर्यंत स्पष्ट आले. यशोधनचे कान तापले. आजवर कोणाही घरात, कोणाही दारात आपण नकोसे आहोत असे त्याने ऐकलेले नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाई जीपकडे वळायच्या आत तो मागच्या मागे उतरला आणि उसाच्या गाड्याआड उभा राहिला, तिच्या दृष्टीला पडू नये म्हणून. ज्या माणसांपासून तिला लपायचे होते त्यांच्या यादीत आता आपणही आहोत, हे त्याला कळत होते.

जीप निघून गेली. गुरुजीही उतरून मागे राहिले होते. दोघे कार्यशाळेच्या रस्त्याने चालू लागले. बरेच अंतर गेल्यावर यशोधन म्हणाला, "तुम्ही मला तिथे का बसवलं ते आता कळलं."

"थांब," गुरुजी म्हणाले. "ते तुला अजून कळलेलं नाही, आणि सगळं शहाणपण माझ्याही पदरात घालू नकोस. मला वाटलं होतं, तू फार तर एखादीला दुखावशील, ती तुला चार शब्द सुनावील, आणि तुला अद्दल घडेल. मी तेवढाच अंदाज केला आणि त्याच्या भरवशावर तुला तिथे बसवलं. एका अनोळखी बाईच्या जिवावर माझा धडा मी शिकवायला निघालो. याची लाज मला आहे, आणि ती तुझ्या लाजेपेक्षा थोडी नाही."

गुरुजींना खाली मान घालून चालताना यशोधनने कधी पाहिले नव्हते. आपण दोघेही गुन्हेगार, हे ऐकून बरे वाटेल असे त्याला वाटले होते, पण तसे झाले नाही.

मग गुरुजी थांबले आणि म्हणाले, "आता यंत्राचं ऐक. तो नवा मेंदू काय करतो? विचारणाऱ्याला विचारायचा हक्क आहे की नाही, हे तपासण्याआधीच उत्तर काढतो. हक्क नाही असं दिसलं, की उत्तर टाकून देतो आणि म्हणतो, मी बोललोच नाही असं धरा. त्याच्या लेखी विषय संपला. पण बाकड्यावर कोणीतरी बसलेलं असतं. तुझा अंदाज खरा होता की खोटा, हे त्या बाकड्यावरच्या बाईला ठाऊक नव्हतं. फोन करायला तेवढा पुरला. आणि दुपारच्या उन्हात चुकीचं उत्तर ठामपणे देणारा मेंदू तर याहून वाईट. चुकतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही. ज्याच्या पोटात दुसऱ्याचं गुपित ठेवायचं, त्याने आधी हक्क पाहावा, मग उत्तर काढावं, आणि सकाळी जे सांगितलं तेच दुपारीही सांगावं. मग तो हळू असला तरी चालेल. उशीर झाला म्हणून वाट बघणारा थोडा कुरकुरेल. यापेक्षा जास्त त्याचं काही बिघडत नाही."

यशोधनने मान डोलावली. त्याच दिवशी त्याने नवा प्रोसेसर काढला, पुसून खोक्यात घातला आणि जुन्या घडणीचा बसवला. त्याची चाल नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवली. जेवढे बंदोबस्त उपलब्ध होते तेवढे सगळे लावले, आणि प्रत्येक लावताना तो कशासाठी आहे हे वाचले; पूर्वी त्याने ते न वाचताच बंद केले होते. मग गुरुजींचे ते लांबलचक गणित त्याने स्वतः घातले आणि पत्रा तापलेला असताना घाम पुसत समोर बसून राहिला. दिवसामागून दिवस उत्तर तेच येत राहिले. या कंटाळवाण्या कामात त्याला एक प्रकारचे समाधान मिळू लागले, पण लाज काही हटली नाही. जेवताना घास हातात असताना ती बाई आणि तिचे पिशवीवर थबकलेले हात त्याला आठवत.

यथाकाल व्यापारी शेठजी आले. खुर्चीत ऐसपैस बसले. वाचनालयातले एक पुस्तक त्यांनी विचारले. यंत्राने क्षणभर वेळ घेतला, मग उत्तर दिले. दुसरे विचारले, पुन्हा क्षणभर.

"मला वाटलं होतं, नव्या यंत्राला एवढाही वेळ लागू नये," शेठजी म्हणाले. "आमच्या गादीवरचा पोरगासुद्धा याआधी भाव सांगतो. पैसे कमी पडले की काय?"

"नाही, शेठजी," यशोधन म्हणाला. "जलद यंत्र तयार होतं. मीच बसवलं होतं, आणि माझी चूक झाली म्हणून मीच काढलं. हे यंत्र विचारणारा कोण ते आधी बघतं आणि मग उत्तर शोधतं."

शेठजींनी गुरुजींकडे पाहिले. शेठजी धान्याच्या व्यापारात मुरलेले. कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी कोणासमोर काढू नये हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा घेतला.

ते गेल्यावर इंदूताई आल्या. आधारगृहातल्या बायांची नावे यंत्रात आज पहिल्यांदा भरायची होती. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि यशोधनकडे पाहिले. त्यांनी काही म्हणायच्या आत तो उठला. पण या वेळी तो काही बोलला नाही. कार्यशाळेबाहेर जाऊन त्याने दार लोटून घेतले आणि उन्हातच पायरीवर बसला.

आत बटणांचा आवाज सावकाश चालला होता. तेव्हा त्याच्या मनात आले, की ताईंना विचारावे. ती बाई सुखरूप पोचली का? तिचे नाव काय? आणि, हे मनात आल्याबरोबर त्याचे तोंड कडू झाले, पण ते आले खरे, की ती गिरणीवाल्यांचीच सून होती ना? आपला अंदाज बरोबर होता ना?

थोड्या वेळाने दार उघडले. इंदूताई बाहेर आल्या, त्याच्याशेजारी पायरीवर टेकल्या आणि चष्मा पुसू लागल्या. "विचार, काय विचारायचं ते," त्या मायेने म्हणाल्या.

यशोधनने पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाला, "काही नाही, ताई."

त्या बाईविषयी त्याला पुढेही कधी काही कळले नाही.